आमच्या सायकलला एकाच जागी पंक्चर का होत होते
(इयत्ता ४ थी)

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सांगितले की, ज्याला जे स्वतःच्या हाताने करता येते त्याने ते लिहावे. मला पंक्चर काढता येते. म्हणून मी पंक्चरविषयी लिहीत आहे. पंक्चर काढणे तसे सोपे आहे. तेच पंक्चर पुन्हा पुन्हा का होते ते शोधणे मात्र कठीण आहे. ते न शोधता मी एक चूक केली, तीही मी इथेच लिहिणार आहे, कारण ती चूक मी शाळेतच सगळ्यांसमोर केली होती.

आमची सायकल काळी आहे. ती माझ्या आजोबांची आहे आणि बाबांच्या लग्नाच्या आधीपासून आमच्या घरी आहे. तिची चाके मोठी, २८ इंची आहेत. तिचे ब्रेक तारेचे नाहीत, लोखंडी दांड्यांचे आहेत. माझे पाय सीटवरून पोचत नाहीत, म्हणून मी मधून पाय घालून हाफ पायडल मारतो. आमच्या दोन म्हशी आहेत. आजोबा रोज पहाटे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवतात आणि सुकापूरला रतीब घालायला जातात. बाबांची मोटारसायकल आहे, पण आजोबांना ती चालवता येत नाही, आणि येत असती तरी त्यांनी चालवली नसती असे मला वाटते.

गेल्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि सायकलचे मागचे चाक पंक्चर होऊ लागले. एकदा झाले, काढले. आठ-दहा दिवसांनी पुन्हा झाले. पुन्हा काढले. नंतर पुन्हा. गणपती येईपर्यंत चार वेळा झाले. एकदा तर आजोबा भर पावसात अर्ध्या वाटेवरून किटल्यांसकट सायकल ढकलत गेले. तोपर्यंत उशीर झाला होता, लोकांनी पिशवीतले दूध आणून चहा करून घेतला होता. त्या दिवशी निम्मे दूध परत आले. आईने त्याचा खरवस केला असता, पण खरवस चिकाचा होतो, साध्या दुधाचा नाही. म्हणून दही लावले.

बाबा म्हणाले, "आता ही सायकल भंगारवाल्याला द्या. रतीब मी गाडीवरून घालीन." आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फडके घेतले आणि चेनकव्हर पुसत बसले. चेनकव्हर पुसलेलेच होते.

शनिवारी आपली शाळा सकाळची असते. त्या दिवशी आजोबा रतीब घालून येतात, मला सायकलवरून शाळेत सोडतात आणि सायकल शाळेच्या बाहेर लावून गावात जातात. शाळा सुटली की आम्ही बरोबर घरी जातो. त्या चार पंक्चरांपैकी दोन वेळा चाक शनिवारीच शाळेबाहेर बसले. सकाळी हवा ठीक होती आणि शाळा सुटल्यावर पाहिले तर टायर रिमखाली चेपलेला. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी माझे वर्गातल्या एका मुलाशी गोट्यांवरून भांडण झाले होते. त्याच्या कंपासपेटीत नवीन कर्कटक होते. मला वाटले, यानेच टोचले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तूच कर्कटक टोचलेस." तो म्हणाला, "मी नाही." मी म्हणालो, "मग कोणी?" त्याला उत्तर देता येईना, कारण त्याला माहीतच नव्हते. ही गोष्ट त्याच्या घरी कळली आणि त्याने तिथे बोलणी खाल्ली. तेव्हापासून तो खिचडी खायला माझ्या रांगेत बसेनासा झाला.

आता चाकात काय असते ते सांगतो.

आजोबा सांगतात की, पूर्वी पनवेलची बैलगाडीची चाके फार नावाजलेली होती. घाटावरून येणारे गाडीवाले परत जाताना पनवेलहून चाकांची जोडी घेऊन जात. ते चाक लाकडाचे असे आणि त्यावर लोखंडाची पट्टी तापवून बसवीत. तिला धाव म्हणतात. धावेला कधी पंक्चर होत नाही. पण गाडीत बसलेल्या माणसाची हाडे खिळखिळी होतात. पहिल्या सायकलींची चाकेही अशीच कडक होती. कोणाला लोखंडाची पट्टी, कोणाला भरीव रबर.

चाकात हवा भरण्याची कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ साली काढली होती, पण ती लोक विसरून गेले. मग जॉन डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर बेलफास्ट या गावी राहत होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरे देई. त्यांनी रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकाला गुंडाळली. सायकल मऊ चालू लागली. १८८८ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडेही गुरांचे डॉक्टर येतात, पण ते म्हशीला सुई देऊन लगेच जातात.

डनलॉपचे टायर चाकाला चिकटवलेले असत. त्यामुळे पंक्चर झाले की टायर सोडवायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा चिकटवायचे आणि वाळेपर्यंत थांबायचे. गुरुजींनी आम्हांला मिशेलिन या फ्रान्समधल्या भावांची गोष्ट सांगितली. त्यांनी काढता-घालता येणारे टायर केले. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचे अशी सायकलची मोठी शर्यत झाली, जवळजवळ १२०० किलोमीटरची. शार्ल तेराँ नावाच्या माणसाने ती जिंकली आणि त्याच्या सायकलला हे काढता येणारे टायर होते. त्यालाही वाटेत पंक्चर झाले होते. म्हणजे पंक्चर होणारच नाही असे टायर कोणीच केले नव्हते, पंक्चर लवकर काढता येईल असे केले. हे मला फार आवडले.

रबर झाडाच्या चिकापासून होते. आपल्या देशात रबराची झाडे केरळात जास्त आहेत. पण नुसता चीक उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक होतो. १८३९ साली चार्ल्स गुडइअर यांना कळले की, चिकात गंधक घालून तापवले म्हणजे रबर टिकाऊ होते. आम्ही रुईचा चीक वाटीत वाळवून पाहिला. त्याचे रबर झाले नाही आणि आईने वाटी फेकून दिली.

आता आपल्या सायकलचे पाहू. बाहेर जाड असतो तो टायर. त्याच्या आत पातळ असते ती ट्यूब. हवा ट्यूबमध्ये असते. टायर नुसता ट्यूबला धरून ठेवतो आणि रस्त्याशी घासतो. टायर बसतो ती लोखंडी कडी म्हणजे रिम. रिमपासून मध्यापर्यंत तारा असतात, त्यांना दुकानात स्पोक म्हणतात. मी मोजल्या, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आहेत. मागे वजन जास्त म्हणून तारा जास्त. प्रत्येक तारेच्या टोकाला पितळेची छोटी टोपी असते, ती निपल. निपल रिमच्या भोकातून बाहेरच्या अंगाने घालतात आणि फिरवून तार आवळतात. म्हणजे टायर काढला तर रिमच्या खोबणीत ४० निपलांची डोकी दिसतात. त्यांच्यावरून एक पट्टी असते, रिमपट्टी. ती डोकी ट्यूबला लागू नयेत म्हणून. ही पट्टी कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही. तुम्ही ती लक्षात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

हवा जिथून भरतात तो वाल. काळ्या सायकलच्या वालमध्ये एक बारीक नळी असते आणि तिच्या बाजूला भोक असते. त्या भोकावर बोटाच्या पेराएवढी रबरी नळी चढवलेली असते, ती वालट्यूब. पंप मारला की हवा रबराला ढकलून आत जाते. पंप थांबला की आतली हवाच त्या रबराला भोकावर दाबून धरते, म्हणून हवा बाहेर येत नाही. दार उघडायचेही हवेने आणि लावायचेही हवेने. पंप मारताना पंपाचे बूड गरम होते ते तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की ती तापते.

चाक बसले म्हणजे लगेच पंक्चर समजू नये. आधी वालवर थुंकी लावावी. बुडबुडा फुगला तर वालट्यूब गेली. ती जुनी झाली की चिरते. ती बदलायला दोन मिनिटे लागतात आणि टायर काढावा लागत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी दोन वेळा टायर उघडला, पंक्चर सापडले नाही म्हणून ट्यूबच नवीन घातली, आणि शेवटी वालट्यूबच गेलेली निघाली. (काकांनी हे लिहायला परवानगी दिली आहे.)

वाल ठीक असेल तर मग पंक्चर. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. खाली गोणपाट घालावे, नाहीतर सीट खराब होते. आपली सायकल जुन्या पद्धतीची असली तर मागचे चाक काढायची गरज नाही. ज्या बाजूला चेन नाही त्या बाजूने टायरची कड रिममधून वर काढायची. दुकानात त्यासाठी लोखंडी पट्ट्या असतात. आम्ही जुन्या डावाची दांडी घेतो. दांडी टोकदार नसावी. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर एक पंक्चर काढताना दुसरे होते. मग ट्यूब ओढून बाहेर काढायची, हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत न्यायची. जिथून बुडबुडे येतात तिथे भोक. तिथे खूण करायची. ओल्या ट्यूबवर पेन उमटत नाही, म्हणून आजोबा भोकात काडी टोचून ठेवतात. पण बारीक भोक काडीने मोठे होते, म्हणून मी आता आधी पुसून मग खडूने गोल करतो.

मग ती जागा कोरडी करायची आणि पॉलिश पेपरने घासायची. जुन्या ट्यूबचे गोल ठिगळ कापून तेही घासायचे. कोपरे ठेवू नयेत, कोपरा आधी सुटतो. दोन्हींना सोल्युशन लावायचे. यानंतर सगळे चुकतात. सोल्युशन ओले असतानाच ठिगळ लावतात. आपल्याला वाटते ओले असताना चिकटेल. खरे तर ते वाळत आले, बोटाला लागेनासे झाले, की मग घट्ट चिकटते. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो. आजोबा म्हणतात, "घाई करू नको, पाढे म्हण." मी दोन ते बारा पाढे म्हणतो. तेराचा मला अजून अडखळत येतो, म्हणून पाऊस असला की तो दोनदा म्हणतो, म्हणजे वेळही होतो. मग ठिगळ दाबून बसवायचे आणि वरवंट्याने हलके ठोकायचे. आईला विचारून. वरून थोडी खडूची पूड लावली की ट्यूब टायरला चिकटत नाही. सोल्युशनचा वास घेऊ नये, डोके दुखते.

एवढे सगळे आम्ही चार वेळा नीट केले. एकही ठिगळ सुटले नव्हते. तरी पंक्चर होतच होते.

प्रत्येक जण वेगळे कारण सांगू लागला. आजी म्हणाली, वईचे काटे. आपल्याकडे बोरीच्या आणि करवंदीच्या फांद्या तोडून वई घालतात, त्यांचे काटे वाटेवर पडतात, हे खरे आहे. बाबा म्हणाले, रस्त्यावरच्या बांधकामाच्या तारा. तेही खरे आहे, इमारतींची कामे चालू असतात तिथे बारीक तारेचे तुकडे पडलेले असतात. ताई म्हणाली, पावसाळ्यात गाढेश्वरच्या बाजूला फिरायला येणारी माणसे बाटल्या फोडतात, त्या काचा. पावसात पंक्चर जास्त होते असे आजोबाही म्हणतात. ओल्या रबरात काच आणि काटा सहज सरकत आत जातो. मी कर्कटक म्हणालो. सगळ्यांची कारणे बाहेरची होती.

पाचव्यांदा चाक बसले ते गणपतीच्या सुट्टीत, आमच्याच ओटीवर. रात्री आजोबांनी सायकल आत घेतली होती आणि सकाळी चाक बसलेले. दार आतून लावलेले होते. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आले की, आता कर्कटक कोण टोचणार?

आजोबा म्हणाले, "आज भोक बुजवायची घाई नको. आज भोकाला विचारू, तू कुठून आलास." मग आम्ही ट्यूब वालसकट पूर्ण बाहेर काढली आणि अंगणात गोल पसरून ठेवली. तिच्यावर आधीची ठिगळे होतीच. एक फार जुने, मागल्या वर्षीचे. चार या पावसाळ्यातली. आणि आजचे नवे भोक. म्हणजे सगळी पंक्चरे ट्यूबवर लिहिलेलीच होती, आम्ही वाचली नव्हती.

ट्यूबला दोन बाजू असतात. वाल निघतो ती आतली बाजू, आपण तिला पोट म्हणू. तिच्या उलटी ती पाठ. पाठ टायरला टेकलेली असते आणि पोट रिमला. काटा, काच, तार हे रस्त्यावरून येतात, म्हणून त्यांचे भोक पाठीवर पडते. कोणी बाजूने टोचले तर भोक कुशीत पडेल. पोटावर काही रस्त्याचा काटा येणार नाही, कारण मध्ये लोखंडी रिम आहे.

मागल्या वर्षीचे ठिगळ पाठीवर होते. या वर्षीची चारही ठिगळे पोटावर होती. नवे भोकही पोटावर.

मला एकदम कसेसेच झाले. माझ्या कानांना गरम वाटू लागले. मी आजोबांना विचारले, "कर्कटकाचे भोक पोटावर पडेल का?" आजोबा म्हणाले, "रिममधून कर्कटक कसे जाईल रे?"

मग मी वालपासून मोजले. माझी वीत फूटपट्टीवर मोजली तर १५ सेंटिमीटर भरते. नवे भोक वालपासून चार विती आणि दोन बोटांवर होते. तीन ठिगळे त्याच बाजूला, चार विती आणि एक, दोन, तीन बोटे अशी जवळ जवळ होती. पण एक ठिगळ वालच्या दुसऱ्या बाजूला होते. तेही चार विती आणि दोन बोटे, पण उलट दिशेला. त्याचे कोडे आम्हांला सुटले नाही.

आजोबांनी सायकल उलटी केली. वालच्या भोकापासून मी रिमवर तेवढेच मोजले. आमचे रिम खोबणीतून मोजले तर साधारण दोन मीटर भरते. दोन मीटरमध्ये ४० तारा, म्हणजे दर पाच सेंटिमीटरला एक तार. चार विती म्हणजे ६० सेंटिमीटर, वर दोन बोटे. वालच्या दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे अंतर सोडून तारा सुरू होतात. मी एका बाजूला मोजत गेलो आणि तेराव्या तारेपाशी आलो. (तेराच! माझे आणि तेराचे काही जमत नाही.) तिथली रिमपट्टी कुजून फाटली होती. आजोबांनी जुन्या साडीचा बोळा खोबणीतून फिरवला. बोटाने फिरवू नये, बोट कापते. बोळा अडकला आणि एक धागा ओढला गेला. तिथे निपलच्या डोक्यातून तारेचे टोक वर आले होते, साधारण तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे.

दूध भरलेल्या किटल्या लावल्या की वजन येई, चाक फिरे, आणि ते टोक प्रत्येक वेळी ट्यूबच्या पोटात थोडे थोडे घासे. म्हणून पंक्चर लगेच होत नव्हते, आठ-दहा दिवस जात. भोकही बारीक, म्हणून हवा हळूहळू जाई आणि सायकल उभी असताना चाक बसलेले दिसे. शनिवारी शाळेबाहेर तेच होत होते. आम्ही ठिगळ लावून ट्यूब पुन्हा घालायचो तेव्हा ती बोटभर इकडे-तिकडे सरके, म्हणून दर वेळी भोक जुन्या ठिगळाच्या शेजारी पडे.

आजोबा त्या तारेकडे बराच वेळ बघत राहिले. इतर तारा काळवंडलेल्या होत्या, ही एकटी चकचकीत होती. मे महिन्यात एक तार तुटली होती. घरातल्या डब्यात एक सुटी तार होती, ती आजोबांनी स्वतःच बसवली होती. ती जरा लांब होती. उरलेले टोक कानशीने घासायचे राहिले होते.

आजोबा म्हणाले, "घरातच चोर." आणि कानस आणायला गेले.

टोक घासून सपाट करायला फार वेळ लागला नाही. मग आजोबांनी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून रिमपट्टी केली आणि वालसाठी तिला भोक पाडले. बोळा पुन्हा फिरवला, कुठे अडकला नाही. आम्ही टायरही आतून तपासला. त्यात मात्र एक काचेचा कण रुतलेला सापडला. तो अजून ट्यूबपर्यंत पोचला नव्हता. तोही काढला. पंक्चर काढल्यावर टायर आतून तपासलाच पाहिजे, नाहीतर काटा तिथेच राहतो आणि तुम्ही दुकानात जाऊन पंक्चरवाल्याला नावे ठेवता.

एक राहिले. हवा कमी ठेवून वजन नेऊ नये. खड्ड्यात चाक आपटले की ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चेंगरते, आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. दोन भोके दिसली की काटा शोधत बसू नका, हवा नीट ठेवा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त लागते. अंगठ्याने जोराने दाबले तर टायर जेमतेम दबला पाहिजे.

हे सगळे झाले तेव्हा दुपार झाली होती. बाबा जेवायला आले. आजोबांनी त्यांना तार दाखवली आणि सांगितले, "माझीच चूक." मला वाटले बाबा आता भंगाराचे काढतील. पण बाबा म्हणाले, "मग उद्यापासून रतीब तुम्हीच घाला."

आजोबांनी एवढे पटकन सांगितले, पण मला तसे जमेना. मी संध्याकाळपर्यंत घरातच बसलो. मग ती ट्यूब आणखी एक ठिगळ लावून तयार होती, ती खांद्यावर घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात होती. तिने विचारले, "काय रे, आता काय घेऊन आलास?" मी ट्यूब त्यांच्या अंगणात पसरली आणि पोट, पाठ सगळे सांगितले. मग म्हणालो, "तू टोचले नव्हतेस. मी खोटे बोललो." त्याची आई म्हणाली, "हे त्याला वर्गात सांग." मी सोमवारी वर्गात सांगितले. पण त्या दिवशी दोन मुले आली नव्हती, आणि पालकांनाही कळायला हवे, म्हणून इथे लिहीत आहे. त्याने काही केले नव्हते.

त्या संध्याकाळी तो आधी माझ्याशी बोललाच नाही. पण ट्यूबकडे बघत होता. त्याने दुसऱ्या बाजूच्या त्या एकट्या ठिगळावर बोट ठेवून विचारले, "हे इकडे कसे?" मी म्हणालो, "ते आम्हांला कळले नाही." त्याने ट्यूब उचलली, वालपाशी धरली आणि दोन्ही बाजू एकावर एक ठेवल्या. ते ठिगळ बरोबर बाकीच्या ठिगळांवर येऊन बसले. तो म्हणाला, "तेव्हा ट्यूब उलटी घातली असेल. उजवी बाजू डावीकडे." आणि खरेच, एकदा पावसात घाईघाईने मी एकट्याने ट्यूब घातली होती. आजोबांना जे सुटले नाही ते त्याने सोडवले.

आता मी वहीच्या शेवटच्या पानावर पंक्चरची नोंद ठेवतो. तारीख, पोट की पाठ, वालपासून किती विती, चेनच्या बाजूने पाहिले तर उजवीकडे की डावीकडे. ट्यूब काढण्याआधी वालजवळ टायरवर खडूने बाण काढतो, म्हणजे ती उलटी बसत नाही. गणपतीपासून आतापर्यंत त्या पानावर एकच नोंद झाली आहे. ती डिसेंबरातली. पाठीवर, नऊ विती, उजवीकडे. टायरमध्ये त्याच जागी करवंदीचा काटा सापडला. तो काटा मी पानाला चिकटवून ठेवला आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मागावा. घमेले धरायला तोच मुलगा होता. त्याने बुडबुडे माझ्या आधी पाहिले.